पाऊणकी

आमच्या भागात मोठं माणूस रस्त्याने धावताना दिसलं की त्याला दोनच कारणं असतात. एक तर त्याची यष्टी सुटत असते, नाहीतर कोणीतरी गेलेलं असतं. तिसरं कारण कुत्रं, पण मग मागे कुत्रंही दिसतं. म्हणून नवरात्र संपल्यानंतरच्या एका पहाटे मी वेळागरच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर पहिल्यांदा धावले, म्हणजे मोबाइलमध्ये लावून मोजून साठ सेकंद धावले, तेव्हा समोरून येणाऱ्या पाववाल्याने सायकल थांबवून एक पाय जमिनीला टेकला.

"काय झाला गो? कोण गेला?"

"कोण नाय."

"मगे?"

ह्या 'मगे'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "दूध आणूक चललंय," मी म्हटलं. माझ्या हातात ना किटली होती ना पिशवी, आणि दूध मिळतं ते घर बरोबर उलट्या दिशेला. त्यालाही ते ठाऊक होतं, पण भला माणूस, पुढे काही विचारलं नाही. घंटी वाजवून गेला. दुपारपर्यंत मात्र वाडीतल्या तिघींनी सासूबाईंकडे येऊन चौकशी केली, घरात सगळं बरं आहे ना.

खरं तर सुरुवात यष्टीनेच झाली होती. मी वेंगुर्ल्याला एका पतसंस्थेत कामाला जाते. सकाळची गाडी आरवलीला वेतोबाच्या देवळाजवळ पकडते. श्रावणातल्या एका सकाळी उशीर झाला. दोष गाडीचा नव्हता. ती वेळेवर होती, मीच नव्हते. वळणावर गाडी दिसली आणि मी छत्री, डबा, पर्स सगळं पोटाशी धरून धावत सुटले. किती अंतर असेल? नंतर एकदा पावलं मोजली, एकशे दहा भरली. गाडी गेली ती गेलीच, पण तिच्यामागे गेलेला माझा श्वासही परत येईना. कट्ट्यावर बसले तर डोळ्यांपुढे काजवे, कानात समुद्र. कॉलेजला निघालेल्या एका मुलीने पाण्याची बाटली पुढे केली आणि अगदी मायेने म्हणाली, "आजी, जरा टेकून बसा."

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. कानांजवळचे केस पांढरे झालेत हे मान्य. पण आजी?

हे मी रात्री कोल्हापूरला शिकणाऱ्या मुलीला फोनवर सांगितलं, तर आधी ती पोटभर हसली आणि मग म्हणाली, "जानेवारीत वेंगुर्ल्याला पाच किलोमीटरची शर्यत आहे. दोघींची नावं घालते." मला वाटलं, विसरेल. ती विसरली नाही. पैसे भरल्याची पावती माझ्या मोबाइलवर आली. (शर्यतीच्या वेळी तिची परीक्षा निघाली आणि ती आलीच नाही, ही गोष्ट मी अजून तिला अधूनमधून ऐकवते.)

तिने एक तक्ताही पाठवला. जॉश क्लार्क नावाच्या एका अमेरिकन तरुणाने १९९६ साली तो बनवला, तोही आपल्या पन्नाशीतल्या आईला डोळ्यांसमोर ठेवून. सोफ्यावर बसलेल्या माणसाला नऊ आठवड्यांत पाच किलोमीटर धावायला लावायचं, असं त्याचं नावच सांगतं. आमच्याकडे सोफा नाही, पडवीत बाकडं आहे. पण बेत मला पटला, कारण त्यात धावणं फारच थोडं होतं. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग साठ सेकंद धावायचं, नव्वद सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. आठवड्यातून तीनच दिवस, मधले दिवस विश्रांती. एखाद्या मुलाने आईसाठी केलेली गोष्ट अशीच असणार, तिला फार दमवायचं नाही.

साठ सेकंद हा केवढा लांबलचक काळ असतो हे मला त्या आठवड्यात कळलं. कुकरची शिट्टी, टाइमर, पतसंस्थेतल्या संगणकाचं उघडणं, असे कितीतरी साठ सेकंद मी आयुष्यात बसून घालवले होते. हे तसले नव्हते.

रस्त्यावर लोक विचारतात म्हणून मी दुसऱ्या आठवड्यात किनाऱ्यावर उतरले. वेळागरला सुरूच्या बनातून बाहेर आलं की उजवीकडे सागरतीर्थाच्या दिशेने किनारा पसरलेला असतो. पहाटे तिथे कोण असणार? ओल्या वाळूवर पाय टाकला आणि वाटलं, हे तर सिमेंटपेक्षा बरं. घट्ट, पण टणक नाही. पाऊल टेकलं की त्याच्याभोवती वाळू क्षणभर कोरडी पडल्यासारखी पांढुरकी व्हायची आणि परत काळी. त्या दिवशी पौर्णिमा उलटून एकच दिवस झाला होता हे माझ्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं. मला वाटलं, किनारा असाच असतो. जन्म कोकणात गेला, पण कोरड्या कपड्यांनी, दुपारी, पाहुण्यांना समुद्र दाखवायलाच काय ती मी तिथे जात होते.

आठवड्याने त्याच वेळी गेले तर किनारा नव्हताच. होतं ते वरचं भुसभुशीत, उतरतं, टाचा गिळणारं वाळूचं अंथरूण, आणि त्याच्याखाली लगेच पाणी. साठ सेकंदांत तीन वेळा घोट्यापर्यंत भिजले. तिथे रापणीचं काम चाललं होतं. होडी जाळं घेऊन आत जाते, समुद्राला अर्धा वेढा घालून परत काठाला येते, आणि मग जाळ्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या दोन तुकड्या काठावरून ओढतात. त्यांच्यापैकी एक म्हातारे तांडेल, म्हणजे त्यांचे म्होरके, वाळूत बसून विडी ओढत होते. माझी पाण्याशी चाललेली पळापळ त्यांनी बराच वेळ पाहिली असावी.

"धावूचा आसा तर पयली तिथ बघ गो बाय," ते म्हणाले. "आज अष्टमी. आता पाणी भरलेला."

मग त्यांनी मला ते गणित सांगितलं. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती पुरी. अष्टमी, आठाचे पाऊण सहा. म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढेमागे पाणी वर. ओहोटी त्याच्यानंतर सहा तासांनी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊण सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाचच्या सुमाराला पाणी पार खाली, तेही उधाणाचं, जितकं चढतं तितकंच उतरतं. मैदानासारखी वाळू मिळते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि पाणी त्याच्यामागून येतं, हे शाळेत भूगोलात शिकले होते. परीक्षेत त्यावर मार्कही मिळाले असतील. पण त्या भूगोलाचा आणि माझ्या बुटांचा काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

घरी येऊन मी सासूबाईंना विचारलं, "आई, तेराचे पाऊण किती?" त्या नारळ खवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पावणेधा." त्यांच्या वेळी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं पाठ करून घेत. आमच्या पिढीपर्यंत ते सगळं गळून गेलं. आम्हांला कॅल्क्युलेटर मिळाला आणि तो नारळ खवताना हाताशी नसतो. त्या आठवड्यात त्यांनी मला पाऊणकी शिकवली, मी शेंगा सोलता सोलता म्हणायची आणि मी चुकले की त्या टोकायच्या. एक पाऊण पाऊण. बे पाऊण दीड. तीन पाऊण सव्वादोन. चार पाऊण तीन. चारच्या पुढे गाडी अडायची. पाच पाऊण पावणेचार, हे काही जिभेवर बसेना.

मग त्या नऊ आठवड्यांच्या तक्त्याशेजारी मी कालनिर्णय टांगलं. चतुर्दशीपासून तृतीयेपर्यंत पहाटे किनारा. भांगाच्या दिवसांत रस्ता, विचारणाऱ्यांसकट. अमेरिकेतल्या त्या मुलाच्या आईला हे करावं लागलं नसेल. मंगळवार, गुरुवार, शनिवार हे त्याच्या तक्त्यातले वार आमच्या समुद्राला मान्य नव्हते, आणि नंतर जत्राही सुरू झाल्या. कार्तिकानंतर आमच्या बाजूला आज ह्या गावची, उद्या त्या गावची जत्रा. पहाटेपर्यंत दशावतार पाहून आलेलं माणूस साडेपाचला बूट घालत नाही. नऊ आठवड्यांचे माझे चौदा झाले. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

वाईट वाटलं ते पाचव्या आठवड्याचं. ज्यांनी हा तक्ता वापरलाय ते पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवसाबद्दल दबक्या आवाजात बोलतात. त्याच आठवड्यात दुसऱ्या दिवशी आठ मिनिटं धाव, पाच मिनिटं चाल, परत आठ मिनिटं धाव असतं. आणि तिसऱ्या दिवशी एकदम वीस मिनिटं सलग. मध्ये पायरीच नाही. मी पहिल्या वेळी नवव्या मिनिटाला थांबले, दुसऱ्या वेळी अकराव्या. तिसऱ्या वेळी सातव्या मिनिटालाच बरगडीखाली अशी चमक भरली की वाळूत उकिडवी बसले. मतलई वारा पाठीवरून समुद्राकडे चालला होता, गार, आणि मला घाम सुटलेला. ह्या वयात हे कोणी सांगितलं होतं, हा विचार मी त्या दिवशी पूर्ण वाक्यात केला.

रापण त्या दिवशीही लागली होती. दोरी माझ्या वाटेतच आडवी. ओलांडणार एवढ्यात तांडेलकाका म्हणाले, "बसलंस कित्याक? हात लाव." रापणीला हात लावायला कोणाला मनाई नसते. मी दोरी धरली आणि जीव खाऊन ओढायला लागले. चार हिसड्यांत तळहात सोलले. बाजूचा पोरगा हसला.

"दमान गो, दमान," काका म्हणाले. "घाई केलंस तर जाळा फाटता."

मग मी पाहिलं. ते कोणीच ओढत नव्हते, म्हणजे मला ओढणं वाटत होतं तसं. दोरी धरून नुसतं मागे रेलायचं, अंगाचं वजन तिच्यावर सोपवायचं आणि एक पाऊल मागे. परत रेलायचं, परत पाऊल. सगळ्यात मागचा माणूस दोरी सोडून निवांत चालत पाण्यापाशी जायचा आणि पुढची जागा धरायचा. सत्तरी उलटलेले काका आणि विशीतला पोरगा एकाच चालीने. गप्पा चालू होत्या, कोणाच्या तरी लग्नाच्या, कोणाच्या तरी बागेच्या वादाच्या. मोजून तासभर ते तसे ओढत होते आणि शेवटच्या पावलाची चाल पहिल्या पावलासारखीच होती. जाळं काठाला आलं तेव्हा मात्र एकदम आरडाओरडा, धावपळ, पाण्यात उड्या. ती घाई तेवढ्यापुरती राखून ठेवलेली.

बोलता येईल इतक्याच वेगाने धावावं, हे मुलीने मला आधीच सांगितलं होतं. ज्या वेगाने श्वास पुरतो त्या वेगाने स्नायूंना प्राणवायूही पुरतो, त्याच्यापुढे गेलं की शरीर उधारीवर चालतं आणि उधारी लवकर वसूल होते, असं काहीसं. पतसंस्थेतल्या बाईला हे समजायला हवं होतं. पण ते मी ऐकून सोडून दिलं होतं. एक तर मी एकटी धावत होते, बोलणार कोणाशी? आणि दुसरं म्हणजे माझी समजूत अशी की हळू धावणं म्हणजे चालणंच, ते काय धावणं झालं? चाळीस वर्षं मी फक्त कशाच्या तरी मागे धावले होते. मागे धावताना हळू कोण धावतं?

पुढच्या खेपेला मी धावताना मोठ्याने पाऊणकी म्हणायला लागले. चार पावलांना एक पाऊण. आकडा पुरा व्हायच्या आत दम तुटला तर वेग जास्त, कमी कर. बस, एवढाच नियम. पाच पाऊण पावणेचार. सहा पाऊण साडेचार. सात पाऊण सव्वापाच. पंधरापर्यंत जायचं आणि परत एकपासून. इतकी हळू धावत होते की एक कुत्रं माझ्याबरोबर चालत आलं. चालत. पण मोबाइल वाजला तेव्हा वीस मिनिटं झाली होती, आणि मी नवव्या पाऊणावर होते. तो आकडा तेवढा पुरा केला, मग थांबले.

त्या दिवशी रापणीत बांगडे पडले होते, चांगले. काकांनी मागच्या खेपेच्या ओढण्याचा वाटा म्हणून सात बांगडे पिशवीत घालून दिले. मासळी हातात, ऊन वर येतंय, म्हणून मी परतीचा रस्ताही धावत आले. आणि गंमत अशी की त्या दिवशी मला कोणीच काही विचारलं नाही. पाववाला भेटला, पिशवीकडे बघून नुसता हसला. बांगडे घेऊन धावणारी बाई सगळ्यांना समजते.

मध्ये डावा गुडघा दुखायला लागला. आतून नाही, बाहेरच्या बाजूने, आणि तोही धावायला लागल्यावर दहा मिनिटांनी. सावंतवाडीला एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने बूट पाहिले, चालायला लावलं, आणि मग विचारलं, कुठे धावता? मी सांगितलं, किनाऱ्याने सागरतीर्थाकडे जाते आणि रस्त्याने परत येते. तिने कागदावर एक तिरकी रेघ काढली. किनाऱ्याला समुद्राकडे उतार असतो. उत्तरेला धावताना समुद्र डाव्या हाताला, म्हणून डावा पाय दर पावलाला खाली पडतो आणि मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत जाणारा पट्टा घासत राहतो. किनाऱ्याने परत आले असते तर निदान दोन्ही पायांनी वाटून घेतलं असतं. पण मी रोज जाणार त्याच दिशेने. दहा दिवस विश्रांती, काही व्यायाम, आणि ओहोटीला अगदी खालच्या सपाट पट्टीवरूनच धावा, जाताना-येताना दोन्ही वेळा. ती आणखी एक गोष्ट म्हणाली: हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात, स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या शिरा आणि सांध्यांचे बंध सावकाश. म्हणून दम पुरतो तेव्हाच माणूस जास्त धावतो आणि तेव्हाच दुखवून घेतो.

दहा दिवस मी बूट पडवीत उलटे करून ठेवले होते. सासूबाईंनी एक उचलून तळवा पाहिला. टाच बाहेरच्या बाजूने गेली होती.

"वेतोबाच्या चपला पण झिजतत," त्या म्हणाल्या. "पण तेका कोण इचारूक नाय, खंय गेल्लस म्हणान."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आरवलीचा वेतोबा गावाचा राखणदार. उंचापुरा, माणसाहून मोठा. तो रात्री गावाची फेरी मारतो अशी श्रद्धा आहे, आणि फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक नवसाला त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देवळात त्या मांडून ठेवलेल्या असतात. दुसरा नवस केळ्यांचा, घडच्या घड. लहानपणापासून मी हे पाहत आले आहे. पण गुडघा बरा झाल्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा त्या चपलांपुढे जरा जास्त वेळ उभी राहिले. हा आपला देव, आणि ह्याला माणसं काय देतात? पादत्राणं आणि केळी. लांब पल्ल्याला निघालेल्या माणसाला लागतं नेमकं तेवढंच. सोनं-नाणं काय, त्याला रात्री अंधारात गावाला वळसा घालायचा आहे. टाच कुठल्या बाजूने झिजते हे वाकून बघायचा मोह झाला. पुजारी बघत होते म्हणून आवरला.

धावण्याबद्दल वाचायलाही लागले होते मी एव्हाना, नव्याने लागलेल्या सगळ्यांसारखं अति. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-धावत जायचे, कारण गाडीच नव्हती. म्हणजे तिथेही कारण यष्टीच, फक्त न येणारी. त्यांनी २०२२ मध्ये पाच हजार मीटर १३ मिनिटं २५.६५ सेकंदांत धावून तीस वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस ह्या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायकांना आठशे मीटर धावू दिलं, नंतर हे त्यांना झेपत नाही असं ठरवून ती शर्यतच काढून टाकली ती थेट १९६० ला परत आणली, हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांना आठशे मीटर किती ते समजेना. "वेतोबापासून शिरोड्याच्या बाजूक अर्ध्यापेक्षा कमी," मी अंदाजाने म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. डोक्यावर पाटी घेऊन त्या अंतराच्या कितीतरी पट चालत बाजार केलेली बाई काय बोलणार?

शर्यतीच्या पहाटे त्यांनी मला उकड्या तांदळाची पेज करून दिली, मीठ जास्त घालून. नवऱ्याने स्कूटरवरून वेंगुर्ल्याला सोडलं. छातीवर चार सेफ्टी पिनांनी नंबर लावताना हात थरथरत होते, ते थंडीने असं मी त्याला सांगितलं.

सांगून ठेवलेलं सगळं मी पहिल्या दोन मिनिटांत विसरले. भोंगा वाजला, बाजूने पोरं सुसाट सुटली, स्पीकरवर ढोल वाजत होते, आणि पाय आपोआप पळायला लागले. पहिला किलोमीटर सात मिनिटं दहा सेकंदांत गेला. माझा नेहमीचा साडेआठचा. मनात म्हटलं, वा, आपल्यात हे होतं तर! तिसऱ्या किलोमीटरला त्या वा ची वसुली झाली. बरगडीखाली तीच जुनी चमक. बाजारातून बंदराकडे वळताना एक आजोबा, असतील पासष्टीचे, खाकी हाफ पँट आणि साध्या कॅनव्हासच्या बुटांत, टुकटुक करत मला मागे टाकून गेले. त्यांच्यामागून शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली, चक्क गप्पा मारत. रस्त्यात नेहमी गाडीतून जाताना चढ आहे हे कधी कळलंच नव्हतं, तिथे चांगला चढ निघाला.

लाजबिज सोडून मी पाऊणकी सुरू केली. मोठ्याने. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड. शेजारून धावणाऱ्या एका तरुणाने कानातली बोंडुकं काढून माझ्याकडे पाहिलं आणि परत घातली. सहा पाऊण साडेचार. सात पाऊण... दम तुटला. कमी कर. सात पाऊण सव्वापाच. बंदराजवळ मासळी घेऊन बसलेल्या बायका आमच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्यातली एक ओरडली, "धाव गो, धाव! बांगडे संपतले!" सगळ्या खो-खो हसल्या, मीही हसले, आणि हसताना श्वास कुठेतरी आपल्या जागी बसला.

शेवटच्या वळणावर मला वाटलं होतं की काहीतरी होईल. रडू येईल, अंगावर काटा येईल, वाचलं होतं तसं. तसलं काही झालं नाही. तेरा पाऊण पावणेदहा, एवढंच डोक्यात होतं, आणि बुटात गेलेला एक खडा. रेघ ओलांडली. एक्केचाळीस मिनिटं बावन्न सेकंद. तेवढ्यात साबळ्यांचं पाच हजार मीटर तीनदा झालं असतं आणि वर घाम पुसायला दीड मिनिट उरलं असतं. एका पोरीने गळ्यात मेडल घातलं, दुसऱ्याने हातात केळं दिलं. मी केळ्याकडे बघून हसायला लागले तर त्याला वाटलं मला चक्कर येतेय, खुर्ची आणली. "आजी" मात्र कोणी म्हटलं नाही. ताई म्हणाला.

कुडत्यावर घाम सुकून पाठीभर पांढऱ्या रेघा उठल्या होत्या. शिरोड्याच्या मिठागरात १९३० ला सत्याग्रह करणाऱ्यांना एवढं मीठ माझ्याकडेच मिळालं असतं, असं नवरा म्हणाला. त्याला मी त्या दिवशी सगळं माफ केलं होतं.

दोन दिवस जिना उतरताना मांड्या ओरडल्या. तिसऱ्या दिवशी मी पंचांग पाहिलं, बूट घातले आणि वेळागरला गेले. शर्यत नव्हती, तक्ता संपला होता, मोबाइल घरीच होता. रापण लागली होती. तांडेलकाकांनी दोरीवरूनच विचारलं,

"काय गो, नंबर कितवो इलो?"

"दोनशे सतरावो, काकानू."

ते जरा थांबले. दोरी तशीच धरून त्यांनी हिशेब केल्यासारखं केलं.

"मगे तुझ्या फुडे होते तेंका काय गावला?"

"मेडल आणि केळा."

"आणि तुका?"

"मेडल आणि केळा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग पुढची जागा रिकामी होती तिकडे हनुवटीने खूण केली.

"मगे धर दोरी," ते म्हणाले.